सायरन वाजवला

१६ नोव्हेंबर, रविवार

आज सुफिया शाहिस्ताला घेऊन दौंडला माहेरी गेली. सोबत दोन मोठ्या बॅगा. म्हणजे हे चार दिवसांचं जाणं नव्हे.

घरात बोलायला कोणी उरलं नाही म्हणून हे लिहायला घेतलं. अम्मा आहे, पण मी घाबरलोय हे अम्माला सांगता येत नाही. दुकानात तर अजिबात नाही. मोबाईल आणि कॉम्प्युटर दुरुस्त करणारा अक्रम बिबट्याला टरकतो असं एकदा गावभर झालं, की लोक स्क्रीनगार्ड लावायलासुद्धा हसत हसत येतील.

तर इथं लिहितो. मी घाबरलोय. गेल्या रविवारी दिवेलागणीला बिबट्यानं अंगणातून शेळी उचलली. शाहिस्ता उंबऱ्यात बसून चपाती खात होती. साडेतीन वर्षांची पोर. तिनं नुसतं बोट दाखवलं आणि म्हणाली, "पप्पा, मांजर." मी बाहेर आलो तेव्हा तुटकं दावं पडलं होतं आणि शेजारच्या हौसरावांच्या उसात पाचट वाजत होतं. आमचं घर गावाबाहेर, मळ्यात. अंगण संपलं की गोठा, गोठा संपला की हौसरावांचा ऊस. मधे कुंपण म्हणावं असं काहीच नाही.

तेव्हापासून सूर्य मावळल्यावर मी अंगणात पाय ठेवलेला नाही.

जाताना सुफिया म्हणाली, "अंगण सुरक्षित झालं की फोन करा. तोवर मी पोरीला घेऊन येणार न्हाई. अब्बांनी तुमच्यासाठी कुरकुंभच्या एका कंपनीत शब्द टाकलाय, तेबी बघा." तिचे अब्बा इनुसभाई रेल्वेतून रिटायर झालेत. जगातलं कुठलंही संकट बदली मागून सुटतं असं त्यांना वाटतं. मी विचारलं, मग अम्माचं काय? अम्मा दारातच उभी होती. म्हणाली, "म्हस कुनाच्या गळ्यात बांधून येऊ?"

म्हणजे मीही इथंच.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

डोकं चाललं. दुकानात एक जुना लॅपटॉप पडून आहे. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकलं, कॅमेरा जोडला. बिबट्या ओळखणारा तयार प्रोग्राम इंटरनेटवर मिळाला, त्याला मी लिहिलेल्या चार ओळी जोडल्या. कॅमेऱ्याला बिबट्या दिसला की लॅपटॉप सायरन वाजवणार. सायरन शिरूरच्या बाजारातून आणला. त्याला स्वतःची बॅटरी आहे आणि तपासायला एक बटणही. लॅपटॉप आणि सायरन यांच्यामध्ये काडेपेटीएवढी एक डबी असते. लॅपटॉपनं हुकूम दिला की ही डबी सायरन चालू करते. लॅपटॉप ओसरीच्या खिडकीत ठेवला, तिथून डबीची वायर बाहेर खांबावरच्या सायरनपर्यंत नेली.

संध्याकाळी पहिल्यांदा वाजला. हौसरावांची कालवड बघून. हौसराव पळत आले, धोतराचा सोगा हातात धरून. "आरं आग लागली का काय?" मी सगळं समजावलं. त्यांनी बराच वेळ सायरनकडं बघितलं आणि म्हणाले, "पोरा, त्यो आला तर ह्यो वराडनार, हे ठीक. पन मंग त्यो जानार कुनीकडं?"

म्हातारी माणसं कशातही खोट काढतात. तो पळून जाणार, अजून काय.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

वैताग. कुत्रं दिसलं तरी वाजतो, मुंगूस दिसलं तरी वाजतो. शिवाय डबीची वायर लॅपटॉपमधून सारखी निघते. सकाळी बघावं तर निघालेली, संध्याकाळी बघावं तर निघालेली. पोर्ट ढिला झालाय. आणि वायर निघाली की डबी सापडत नाही म्हणून प्रोग्राम अख्खा बंद पडतो आणि कॅमेराही आंधळा होतो. आज त्यावर इलाज केला. प्रोग्रामला सांगितलं, डबीकडून काही चूक आली तर दुर्लक्ष कर आणि पुढं चालत राहा. आता वायर निघाली तरी निदान नजर तरी चालू राहील.

अम्माचं नवीन खूळ. मांडवगणकडच्या बायका उसात जाताना गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात, तसा तिनंही करून आणला. चामड्याचा पट्टा, बाहेरच्या अंगाला टोकदार खिळे. बिबट्या मान धरतो म्हणून. धारेला जाताना घालते ते ठीक, पण ती जेवतानाही तो काढत नाही. मी म्हणालो, "अम्मा, आमटीत वाघ पडलाय का?" तिला हसू आलं नाही. उलट म्हणाली, "धारेच्या वक्ताला तू जरा दारात उभा ऱ्हात जा की. काठी घिऊन. नुसता उभा ऱ्हा."

मी म्हणालो, "सायरन कशाला आणलाय मग?"

म्हणाली, "त्ये ठणाणं म्हशीला न्हाई आवडत."

म्हशीची आवडनिवड बघून सुरक्षा ठरवायची म्हणजे झालं.

२३ नोव्हेंबर, रविवार

रात्री झोप नाही, म्हणून दिवसा दुकानात पेंगतो. आज सुफियाचा फोन आला. शाहिस्ता रेल्वे कॉलनीत मजेत आहे, इंजिनांना टाटा करते. सुफियानं विचारलं, "किती झालं काम?" मी म्हणालो, झालंच. मग तिनं विचारलं, "तुम्ही बाहेर फिरता का संध्याकाळी?" मी म्हणालो, फिरतो की. तिनं फोन ठेवून दिला. बायकोला फोनवरूनही खोट्याचा वास येतो.

खरी भीती वेगळीच आहे. आपल्याकडं लाईट अशी की पंप चालू झाले की झपकन जाते आणि परत येते. लॅपटॉपची बॅटरी मेलेली, त्यामुळं प्रत्येक झपक्याला तो बंद पडून पुन्हा सुरू होतो. त्याला उठायला दोन मिनिटं लागतात. ही दोन मिनिटं अंगण आंधळं. शेळी न्यायला बिबट्याला किती वेळ लागला होता? शाहिस्ताचा घास तोंडातच होता.

सत्यजीतला फोन लावला. हौसरावांचा मुलगा, माझ्या वर्गातला, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो म्हणाला, "कर्नल नवा कंपाईल कर. जरा हलका होईल." कर्नल म्हणजे लिनक्सचा मुकादम. मशीनचा एकेक भाग त्याच्या हाताखाली काम करतो. तयार मिळणारा मुकादम जगातल्या सगळ्या मशिनींना चालावा म्हणून हजारो कामं शिकून येतो, आणि उठायला वेळ लावतो. आपण आपल्यापुरताच बांधून घ्यायचा. त्यासाठी एक कमांड आहे. ती लॅपटॉप सुरू झाल्यापासून जे जे भाग कामाला लागलेत तेवढे मोजते आणि बाकीचे सगळे वगळून टाकते.

सत्यजीत म्हणाला, "फक्त एक लक्षात ठेव. कमांड मारशील तेव्हा तुला जे लागतं ते सगळं जोडलेलं पाहिजे. मोजणीला जे हजर न्हाई, ते नव्या कर्नलला वळखूच येनार न्हाई."

मी म्हणालो, एवढं कळतं मला.

२४ नोव्हेंबर, सोमवार

मुहूर्त केला. अम्मा धारेला गेली होती. गोठ्यातून तिचं म्हशीशी चाललेलं बोलणं ऐकू येत होतं. अलीकडं ती म्हशीशी फार मोठ्यानं बोलते. बोलते म्हणजे जवळजवळ ओरडते. "चंद्रे, सरक गं! चंद्रे, मी हाय हितं!" तिला ऐकायला कमी येऊ लागलंय की काय, शिरूरला कानाच्या डॉक्टरकडं न्यावं लागेल.

मी कमांड लिहिली आणि नेमकी लाईट झपकली. लॅपटॉप बंद. दोन मिनिटं अंधाऱ्या पडद्यासमोर बसून होतो. तो उठला आणि दुसरं काहीही करायच्या आधी मी कमांड मारली. कॅमेरा मोजला, वायफाय मोजलं, डिस्क, कीबोर्ड. भरभर यादी आली. नको असलेली शेकडो नावं उडाली. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

जेवणानंतर बघितलं तर डबीची वायर पुन्हा निघालेली. दाबून बसवली. उद्या हा पोर्ट डिंकानं चिकटवून टाकतो.

आज दुधाला बरं होतं म्हणाली अम्मा. म्हैस नीट पान्हावली.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

लॅपटॉप दुकानात नेला आणि सकाळपासून कंपाईलला लावला. पडद्यावर ओळीमागून ओळी पळत होत्या. मशीन इतकं तापलं की मी खाली दोन विटा लावून वर टेबलफॅन सोडला. एक बाई मुलाचा मोबाईल घेऊन आली, म्हणाली, "ह्याला ताप आलाय व्हय?" मध्येच एकदा चुकीची ओळ येऊन सगळं थांबलं. एक पॅकेज राहिलं होतं. ते टाकून पुन्हा सुरू केलं. संध्याकाळपर्यंत झालं.

नवा कर्नल पस्तीस सेकंदांत उठतो! दोन मिनिटांवरून पस्तीस सेकंद. सत्यजीतला कळवलं. तो म्हणाला, "भारी. जुना कर्नल काढू नको, असू दे बाजूला."

दुकानातच कॅमेऱ्यापुढं मोबाईलवर बिबट्याचा फोटो धरला. पडद्यावर लाल अक्षरं आली: बिबट्या. आणि खाली मी लिहिलेली ओळ: सायरन वाजवला. घरी येऊन लॅपटॉप खिडकीत ठेवला, डबीची वायर लावली आणि सायरनचं बटण दाबलं. तो कान फाटतील असा वाजला. मशीन चाललं, सायरन चालला. अजून काय बघायचं?

शिवाय आता प्रोग्रामला सांगितलंय, अगदी खात्री असेल तरच हुकूम दे. कुत्र्यामांजरांपायी अब्रू जायला नको.

२९ नोव्हेंबर, शनिवार

चार दिवस झाले, सायरन एकदाही खोटा वाजला नाही. एकदाही नाही! काल एक मोठं कुत्रं अंगणातून गेलं तरी शांत. याला म्हणतात काम. हौसराव म्हणाले, "ठणाणं बंद पडलं का काय?" मी म्हणालो, बंद नाही पडलं, शहाणं झालं.

अम्मा खूश आहे. म्हैस चांगलं दूध देते. मीही खूश असायला हवं, पण काल मोटारसायकलवरून येताना पाण्याच्या चारीच्या कडेला काहीतरी पिवळं हललं आणि मी इतका करकचून ब्रेक मारला की गाडी बंद पडली. पिवळी पिशवी होती, खताची. लाईटच्या खांबाखाली उभा राहून मी तिच्याशी हात जोडून बोलत होतो. कुणी बघितलं नसावं.

घराचं दार लावलं आणि लॅपटॉपसमोर बसलो की मग बरं वाटतं. चौकटीत सगळं अंगण दिसतं. एका कोपऱ्यात अम्मा दिसते, पाठमोरी, म्हशीच्या पोटाशी. मी तिच्यावर नजर ठेवून असतो. तिला ते माहीत नाही. ती पुन्हा म्हणाली, दारात उभा ऱ्हा. मी म्हणालो, अम्मा, तुझ्यासाठीच तर बसलोय.

१ डिसेंबर, सोमवार

हौसरावांच्या उसाला तोड आली. फडात तोडकरी उतरले, बांधावर बैलगाड्या लागल्या. हौसराव मुद्दाम येऊन सांगून गेले, "ऊस कमी कमी व्हत जाईल तसं आत जे हाय ते आतल्या आत सरकंल. शेवटचा पट्टा तुमच्या गोठ्याकडं ऱ्हानार. तवा सांभाळा."

मी सुफियाला हे सांगितलं नाही. उलट फोन केला, ये म्हणून. म्हणालो, आठवडा झाला, सायरन एकदम पक्का आहे. पस्तीस सेकंदांचंही सांगितलं. ती म्हणाली, "मला त्यातलं काय कळत न्हाई. तुमच्या भरवशावर येते."

ऊस तुटला की धोका संपेल, मग तेव्हाच का नाही बोलावलं? कारण मला ती आता हवी आहे. घरात दोन माणसं असली की भीती दोघांत वाटली जाते. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिलं.

४ डिसेंबर, गुरुवार

आल्या! शाहिस्ता गाडीतच झोपून गेली होती, माझ्या खांद्यावर तिच्या लाळेचा डाग पडलाय. सुफियानं बॅगही खाली ठेवली नाही, आधी म्हणाली, "वाजवून दाखवा."

मी म्हणालो, पोरगी झोपलीय, आता दचकून उठेल. उद्या दाखवतो. तिनं लॅपटॉपकडं बघितलं, अंगणाकडं बघितलं आणि म्हणाली, "बरं."

अम्मानं शाहिस्ताची झोपेतच दृष्ट काढली. दुधाची खीर केली होती. किती दिवसांनी घर घरासारखं वाटलं. अम्माच्या गळ्यात पट्टा होताच. सुफियानं विचारलं, "अम्मा, टोचत न्हाई का?" अम्मा म्हणाली, "टोचतो ना. टोचला की बरं वाटतं, हाय म्हनून."

५ डिसेंबर, शुक्रवार

आजही सायरन वाजवून दाखवायचा राहिला. बांधाला बैल बांधलेले. हौसराव म्हणाले, "आज नगं, बैलं दावी तोडून पळतील." उद्या शेवटचा पट्टा निघाला की गाड्या जातील, मग दाखवतो. 

डबीची वायर आज निघाली नव्हती. सकाळीही नाही, संध्याकाळीही नाही. पोर्ट आपोआप घट्ट झाला म्हणायचा. म्हशीनं मात्र काल-आज नीट दूध दिलं तरी अम्मा खूश दिसली नाही. सारखी शाहिस्ता कुठं आहे विचारत होती.

८ डिसेंबर, सोमवार. शिरूर, दवाखाना

आधी हे लिहितो. शाहिस्ता ठीक आहे. गुडघा खरचटलाय, बाकी काही नाही. अम्मा जिवंत आहे.

शनिवारी संध्याकाळी उसाचा शेवटचा पट्टा तसाच राहिला. तोडकरी म्हणाले, उरलेलं उद्या. ते बांधावर चुली पेटवत होते. अम्मा बादली घेऊन निघाली आणि दारात थांबली. "अक्रम, आज तरी जरा उभा ऱ्हा बाबा." मी लॅपटॉपसमोर होतो. नुकतीच लाईट झपकली होती आणि नवा कर्नल पटकन उठला होता, म्हणून मी खुशीत होतो. म्हणालो, "अम्मा, इथून बघतोय की. माणसापेक्षा नीट बघतं हे." ती गेली.

सुफिया भाकरी थापत होती. पोरगी माझ्याजवळ आहे असं तिला वाटत होतं. माझ्याजवळच होती. रेडकू बघायला ती कधी उतरून गेली, मला कळलं नाही.

पडद्यावर लाल अक्षरं आली. बिबट्या. खाली ओळ आली. सायरन वाजवला.

आणि मी बसून राहिलो. हे कसं लिहावं कळत नाही. वाजवला असं डोळ्यांनी वाचलं. कानांना काहीच ऐकू आलं नाही, तरी मी डोळ्यांवर विश्वास ठेवला. पुन्हा ओळ आली. सायरन वाजवला. मला वाटलं, आता वाजेल. मी सायरनची वाट बघत बसलो. चौकटीच्या कोपऱ्यात अम्माची पाठ होती आणि तिच्याशेजारी लाल फ्रॉक. तिसऱ्यांदा ओळ आली. मग अम्मानं म्हशीला मोठ्यानं हाक मारली आणि ती हाक अर्ध्यातच किंचाळी झाली.

मी उठलो आणि उंबऱ्यापर्यंत गेलो. उंबऱ्याच्या पुढं पाय उचलेना. सुफियानं मला बाजूला ढकललं आणि हातात उलथनं घेऊन ती पळत गेली. तिकडून तोडकरी कोयते घेऊन ओरडत आले. बायकाही आल्या, कुणाच्या हातात जळतं लाकूड होतं. त्यांना बघून तो गेला. मी पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं.

म्हशीनं अचानक लाथ झाडली म्हणून अम्मानं मागं बघितलं, असं ती सांगते. तो पोरीकडं निघाला होता. अम्मा पोरीवर पालथी पडली. त्यानं अम्माची मान धरली, खिळे त्याच्या जबड्यात घुसले, त्यानं सोडलं आणि उजव्या हातावर पंजा मारला. कोपरापासून मनगटापर्यंत. चाळीसच्या वर टाके पडलेत. डॉक्टर म्हणाले, पट्टा नसता तर काही करता आलं नसतं.

मी तिला विचारलं होतं, आमटीत वाघ पडलाय का.

९ डिसेंबर, मंगळवार. शिरूर

काल सुफियानं विचारलं, "सायरन का वाजला न्हाई?" मी म्हणालो, वायर निघाली असेल, पोर्ट ढिला आहे.

अम्मा जागी होती. आम्हाला वाटलं होतं झोपलीय. ती रडायला लागली. "वायर निघत न्हवती रं, म्या काढायची. ठणाणं झालं की म्हस पान्हा चोरायची, तासभर दूध देत न्हवती, मग अंधार व्हईस्तवर तिथंच बसावं लागायचं. म्हनून धारंला जाताना काढायची, आल्यावर कवा इसरायची." मग तिनं डाव्या हातानं माझा हात धरला. "पन त्या दिशी काढली न्हवती. तुझी शपथ. पोरगी आल्यापास्नं एकदाबी काढली न्हाई. म्हस दूध देऊ न देऊ. म्या म्हनलं, आसू दे, पोरगी हाय घरात."

मी म्हणालो, अम्मा, झोप.

बाहेर येऊन व्हरांड्यात बसलो.  वायर लावलेली होती. मग वाजला का नाही?

१० डिसेंबर, बुधवार

घरी येऊन बघितलं. वायर घट्ट बसलेली. तरी लॅपटॉपला डबी दिसत नाही. काढून लावली, तरी नाही. मग जुन्या कर्नलवर सुरू केला, दोन मिनिटं वाट बघितली, कॅमेऱ्यापुढं फोटो धरला. सायरन वाजला. 

चोवीस तारखेला, अम्मा धारेला गेली असताना मी मोजणी केली होती. तिनं वायर काढून ठेवली होती. लाईट झपकून लॅपटॉप उठला तेव्हा डबी जोडलेलीच नव्हती. मोजणीला ती हजर नव्हती, म्हणून मी तिला कायमची उडवून टाकली. नवा कर्नल त्या दिवसापासून डबीला ओळखतच नव्हता. आणि डबीकडून चूक आली तर गप्प बस, हेही मीच प्रोग्रामला सांगितलं होतं. म्हणून तो वाजवला, वाजवला असं लिहीत राहिला. अकरा दिवस आम्ही मुक्या सायरनखाली राहिलो आणि मी त्याला शहाणा म्हणत होतो.

सत्यजीतला फोन केला.  तो म्हणाला, "एकदा सगळं मिळून वाजवून बघायचं होतंस रे."

११ डिसेंबर, गुरुवार

सुफियाला खरं सांगितलं. पोर्टचं खोटं होतं, अम्माची चूक नव्हती, माझी होती, सगळं. तिनं एवढंच विचारलं, "मी आले त्या दिवशी वाजवला असता तर कळलं असतं?"

"हो."

"म्हंजी पोरगी झोपली व्हती म्हनून."

 तिनं बॅगा भरल्या. भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. दौंडच्या गाडीत बसताना म्हणाली, "अम्मांना घेऊन या. म्हस विका न्हाईतर कुनाला द्या. तुमचं तुम्ही ठरवा." माझं मी ठरवायचं, हे तिनं आधी कधी म्हटलं नव्हतं.

मग दवाखान्यात जाऊन अम्मालाही सांगितलं. कर्नलचं तिला काय कळणार, पण शक्य तेवढं सोपं करून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "म्या तुला काय मशीन मागितलं व्हतं का रं? दारात उभा ऱ्हा म्हनलं व्हतं."

१४ डिसेंबर, रविवार

अम्माला घरी आणलं. इतके दिवस हौसरावांच्या घरच्या तुळजाबाईंनी धारा काढल्या. आज त्यांना पाहुणे आले, म्हणून येता येणार नव्हतं. अम्माचा उजवा हात गळ्यात बांधलेला. ती माझ्याकडं बघत राहिली. मी बादली घेतली.

बिबट्या सापडलेला नाही. वनखात्याचा पिंजरा लागलाय, रिकामा आहे. हौसरावांचा ऊस निघाला, रान मोकळं झालं, पार कालव्यापर्यंत दिसतं. कालव्यापलीकडं दुसऱ्यांचा ऊस आहे.

निघताना अम्मानं स्वतःच्या गळ्यातला पट्टा काढला आणि एका हातानं, दातांची मदत घेऊन, माझ्या गळ्यात बांधला. दोन खिळे वाकलेले होते. तिच्या डाव्या हातात कोयता होता. "चल," म्हणाली.

लॅपटॉप खिडकीतच होता, जुन्या कर्नलवर. मी वायर काढली नाही.

म्हशीच्या पोटाशी बसलो. बसल्याशिवाय हे कळत नाही. तोंड म्हशीच्या पोटाशी, दोन्ही हात कासेत, आणि सगळी पाठ रानाकडं. मोकळं रान असलं तरी पाठीला काय दिसतं? मानेवर थंड वाटत होतं, पट्ट्याच्या खाली. म्हैस पान्हावेना, माझा हात तिला नवीन. पहिली धार यायलाच किती वेळ गेला. अम्मा रोज दोनदा इथं बसायची. चौकटीच्या कोपऱ्यात तिची पाठ दिसायची आणि मी समजत होतो की मी तिच्यावर नजर ठेवतोय.

माझे हात थांबले.

"काय झालं?" अम्मा मागून म्हणाली.

"अम्मा, बोलत ऱ्हा ना."

"म्हशीशी?"

"माझ्याशी."

मग ती मोठमोठ्यानं बोलू लागली. काय बोलत होती ते आठवत नाही, तुळजाबाईच्या पाहुण्यांचं काहीतरी होतं. ती दम घ्यायला थांबली की माझे हात थांबायचे, ती बोलू लागली की पुन्हा धार सुरू व्हायची. दूध रोजच्या निम्मंच निघालं.